नाव ठाऊक नसलेला शेजारी

सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर उभा असलेला जनसमुदाय परक्या माणसाने पाहिला, तर त्याला ती केवळ गर्दी वाटेल. नित्याच्या प्रवाशाला ती तशी वाटत नाही. कोणत्या खांबाशी उभे राहिले असता आपल्या डब्याचे दार समोर येते, हे त्याला पक्के ठाऊक असते. आणि त्या खांबाशी आज कोण आले, कोण आले नाही, याची नोंद त्याची नजर नकळत घेत असते. खाकी पिशवी छातीशी धरणारे गृहस्थ आले, कपाळी बुक्का लावणारे वारकरी आले, चालता चालता शर्टाच्या बाह्या दुमडणारा तरुणही धावत आला. यांपैकी एकाचेही नाव त्याला ठाऊक नाही. तथापि त्यांतला एकजण दोन दिवस दिसला नाही, तर काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

ही ओळख मुंबईच्या घडणीतूनच निपजली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी कुर्ल्यापर्यंत विजेवरची गाडी सुरू झाली. त्यानंतरच्या काळात हे शहर रुळांच्या कडेकडेने उत्तरेकडे सरकत गेले. घर एका टोकाला आणि पोट दुसऱ्या टोकाला, अशी लक्षावधी संसारांची वाटणी झाली. चाळीतला शेजार मागे पडला; नव्या इमारतींतली दारे बंद राहू लागली. ज्याच्या श्वासाचा स्पर्श रोज तासभर मानेला होतो, असा शेजारी आता डब्यातच उरला.

या शेजाराचे कायदे कोठे लिहिलेले नाहीत, परंतु ते पाळले जातात. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकण्यापुरती जागा द्यावयाची, हा पहिला कायदा. उभ्या माणसाने बसलेल्यास 'कुठे?' एवढेच विचारावयाचे आणि 'घाटकोपर' असे उत्तर आले की त्या जागेवरचा त्याचा हक्क इतरांनी मान्य करावयाचा, हा दुसरा. दाराशी अडकलेल्याची पिशवी हातोहात फळीवर पोहोचते आणि उतरताना तशीच परत येते. एखाद्या डब्यात भजनी मंडळाचे टाळ वाजतात; दसऱ्याच्या सुमारास झेंडूची तोरणे बांधून डब्याचीच पूजा होते. महिलांच्या डब्यात संध्याकाळच्या परतीला भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होते. माहेरी उच्चारता येणार नाही असे दुःखही तेथे अनोळखी कानांत ओतले जाते. रेल्वेच्या परिभाषेत अतिदाट गर्दी म्हणजे एका चौरस मीटरमध्ये उभी असलेली १४ ते १६ माणसे. एवढ्या जागेत माणसे एकमेकांशी भांडतात याचे आश्चर्य नाही. रोज भांडत नाहीत, याचे आहे.

अर्थात या चित्राला काळी बाजूही आहे. वर्षानुवर्षे जमलेले गट नवख्यास दाराशीच अडवतात. जवळच्या स्थानकावर उतरणारा लांबच्या गाडीत चढला, तर त्याला उतरू न देण्याची शिक्षा दिली जाते. हातात मोबाइल आल्यापासून बाकांवरच्या माना खाली झुकल्या आहेत आणि समोरच्याचे तोंड पाहण्याची सवयही उणावली आहे. तरीही प्रसंग ओढवला की हा शेजार जागा होतो. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अवघ्या ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, तेव्हा मदतीची वाट न पाहता सहप्रवाशांनी आणि रुळांलगतच्या वस्त्यांतील रहिवाशांनी चादरींची झोळी करून जखमींना रुग्णालयात नेले. त्यांनी कोणाचे नाव विचारले नाही, जात वा धर्म विचारला नाही.

परंतु नाव न विचारण्याच्या या सवयीचे मोल अन्यत्र चुकवावे लागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सर्वसामान्यांसाठी लोकल बंद झाली. पुढे टप्प्याटप्प्याने ती खुली झाली. माणसे आपापल्या खांबाशी परतली आणि काही जागा रिकाम्याच राहिल्या. खाकी पिशवीवाले गृहस्थ निवृत्त झाले, गावी गेले, की त्या साथीत गेले? विचारावयाचे कोणाला? पंधरा वर्षे ज्याच्या खांद्याला खांदा लावून प्रवास केला, त्याच्या घरचा पत्ता नाही आणि शोक करावयाचा तर नावही नाही.

याहूनही विदारक प्रसंग रुळांवर घडतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकतात. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून हात निसटून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि काहींचा अंत झाला. अशा अपघातांतील कितीतरी मृतदेहांची ओळख तात्काळ पटत नाही. लोहमार्ग पोलिसांना त्यांची वर्णने प्रसिद्ध करावी लागतात. उंची, अंगावरचा शर्ट, हातावर गोंदलेले अक्षर. ज्याचा चेहरा डब्यातल्या शंभर जणांना तोंडपाठ होता, तो शवागारात 'अनोळखी पुरुष' म्हणून पडून राहतो. त्याला ओळखणारे शंभर जण दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने त्याच स्थानकावरून पुढे जातात आणि एवढेच म्हणतात, 'आज दिसले नाहीत.'

याचा दोष प्रवाशांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दारात लोंबकळणे हा कोणाचा छंद नसतो. कामावर हजेरी लागलीच पाहिजे, म्हणून माणूस पायाच्या चवड्यावर उभा राहतो. आपोआप बंद होणाऱ्या दारांची वातानुकूलित गाडी २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर आली. तथापि तिचे भाडे अनेकांना परवडत नाही. मुंब्र्याच्या अपघातानंतर बिगर-वातानुकूलित गाड्यांनाही अशी दारे बसविण्याची योजना रेल्वेने जाहीर केली. ती तडीस जावी आणि फेऱ्याही वाढाव्यात, ही मागणी रास्तच आहे. प्रवाशांच्या सोशिकपणाचे गोडवे गाऊन प्रशासनाची सुटका होता कामा नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला, त्यापूर्वी कैक वर्षे त्याच अरुंद पुलावरून माणसे निमूटपणे एकमेकांना वाट देत होती. त्या निमूटपणाने पूल रुंद झाला नाही.

मात्र शासनाच्या योजनेची वाट न पाहता करता येण्याजोगी एक गोष्ट आहे आणि तिला पैसा लागत नाही. मासिक पासामागे नाव आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाने ठेवावी. आणि उद्या त्या खांबाशी उभे असताना शेजारच्याला 'कुठे?' या नेहमीच्या प्रश्नापुढे आणखी एक प्रश्न विचारावा. आपले नाव काय? इतक्या वर्षांनी असे विचारताना संकोच वाटेल. पण एखाद्या सकाळी त्याची जागा रिकामी दिसली, तर निदान कोणाची चौकशी करावयाची, हे तरी ठाऊक असेल.