माळवदावरची माती

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती. पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील किल्लारी परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात. पण येथे काही सेकंदांत हजारो माणसे दगावली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, त्यामुळे कोणी तयारीतही नव्हते.

माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. म्हणून घराची दुरुस्ती करताना काय पाहावे, हे या घरांकडूनच शिकले पाहिजे.

वजन कसे वाढते?

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा थर. ही माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते. मात्र पावसाळ्यात ते गळू नये म्हणून लोक अधूनमधून वर नवी माती पसरतात. जुनी काढली जात नाही. म्हणजे ज्या कामाला आपण दुरुस्ती म्हणतो, तेच पिढ्यान्‌पिढ्या छपराचे ओझे वाढवत असते.

हे ओझे किती? विद्यार्थ्यांना हिशेब करू द्या. खोली ३ मीटर × ४ मीटर, मातीचा थर ६० सेंटिमीटर. मातीचे घनफळ ७.२ घनमीटर. एक घनमीटर कोरडी माती साधारण १,६०० किलो धरली, तर डोक्यावर ११,५०० किलोंहून अधिक माती झाली!

एरवी हे वजन सरळ खाली दाबते, आणि जाड भिंत ते सहज पेलते. भूकंपात जमीन आडवी हलते. छपराचे जडत्व त्याला जागीच ठेवू पाहते. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. त्वरण गुरुत्वत्वरणाच्या एक पंचमांश असेल, तर छपरामुळे भिंतींवर सुमारे २,३०० किलो वजनाएवढा आडवा रेटा येईल. थर २० सेंटिमीटर केला, तर हाच रेटा सुमारे ७७० किलोंवर येतो.

जाड भिंत मजबूत का नव्हती?

दोन-तीन फूट जाडीची भिंत पाहून आपल्याला धीर येतो. प्रत्यक्षात ती बहुधा दोन भिंती असतात. आतून एक दगडी थर, बाहेरून दुसरा, मध्ये गोटे आणि माती. दोघांना जोडणारे काहीच नसते. हादऱ्याने त्या एकमेकींपासून सुटतात, फुगतात आणि कोसळतात.

वर्गात करून पाहा. बाकावर वह्यांचे दोन उंच गठ्ठे एकमेकांना चिकटवून रचा आणि बाक हलवा. गठ्ठे वेगळे होतील. आता दर चार-पाच वह्यांनंतर एक वही आडवी, दोन्ही गठ्ठ्यांवर येईल अशी ठेवा. पुन्हा बाक हलवा. फरक मुलेच सांगतील. भिंतीत हे काम आरपार जाणारा लांब दगड करतो. असे दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या अंतरात जास्तीत जास्त १.२ मीटरवर असावेत. जुन्या भिंतीत आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरता येते.

दुरुस्तीचा क्रम

घर वाढवायचे किंवा नीट करायचे ठरले, की आपण आधी रंग, फरशी, खिडक्या ठरवतो. क्रम उलटा हवा.

१. आधी पाहणी. भिंतीचा फुगवटा, कोपऱ्यातील उभ्या भेगा, कुजलेल्या तुळया यांची नोंद करा.

२. मग वरचे वजन कमी करा. जादा माती काढून खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला, तर पातळ थरही गळत नाही. ओझे उतरवल्याशिवाय भिंतीला हात लावू नये.

३. नंतर भिंती जोडा, आणि दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून सलग जाणारा काँक्रीटचा पट्टा घाला. खोक्याभोवती बांधलेल्या दोरीसारखा तो चारही भिंती एकत्र धरतो.

४. नवे दार-खिडकी कोपऱ्यापासून दूर ठेवा.

५. खोली ऐसपैस दिसावी म्हणून मधला खांब काढू नका. किल्लारी परिसरात काही घरांच्या भिंती पडल्या, पण छपराचा भार लाकडी खांबांवर असल्याने ते वरच राहिले आणि आतली माणसे वाचली.

प्रत्यक्ष कामाआधी जाणकार अभियंत्याला घर दाखवावे, हे वेगळे सांगायला नको.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. २००२ च्या सुधारित नकाशात या भागाचा धोक्याचा पट्टाही बदलला. पण जुन्या जागी, जुन्या भिंतींत राहणारी घरे अनेक गावांत आहेत. आपल्या शाळेच्या गावात अशी किती आहेत? मुलांना टेप देऊन माळवदाची जाडी मोजायला सांगा आणि वरचा हिशेब त्यांच्या घरासाठी मांडायला लावा. येणारा आकडा घरच्या मोठ्या माणसांपर्यंत नक्की पोहोचेल.