दस्तकापासून पारपत्रापर्यंत

वरंधा घाटाच्या वाटेवरील हिर्डोशीच्या मनुष्यास शिवकाळी परमुलखी जाताना ‘दस्तक’ (परवाना) बाळगावे लागे, आणि पुढे १९४७ पर्यंत भोर संस्थानची रयत विलायतेच्या कायद्याने ‘ब्रिटिश संरक्षित’ गणली जाई, हे आज परदेशी नांदणाऱ्या तिच्या नातवंडांस क्वचितच ठाऊक असते. त्यांचे पारपत्र १९६७ च्या अधिनियमान्वये मिळते. प्रौढांस १० वर्षांचे, अज्ञानांस साधारणतः ५ वर्षांचे.

आपण ज्यास नूतनीकरण म्हणतो ते वस्तुतः नूतनीकरण नव्हेच, कारण जुने पारपत्र रद्द करून नव्या क्रमांकाचे दुसरे दिले जाते. मात्र रद्द पुस्तिकेतील मुदत न संपलेला व्हिसा बहुधा चालू राहतो, म्हणून ती जपून ठेवावी. अर्ज पुण्याच्या पारपत्र कार्यालयाकडे नव्हे, तर वास्तव्याच्या देशातील भारतीय वकिलातीकडे, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून करावयाचा असतो, आणि तो मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून करता येतो. अनेक देश सहा महिन्यांची मुदत शिल्लक नसल्यास प्रवेशच देत नाहीत, तेव्हा अखेरच्या दिवसाची वाट पाहणे हा शुद्ध अविचार होय.

खरी मेख पत्त्याची. याच भागातील नीरा देवघर धरणात ज्यांची घरे बुडाली आणि पुनर्वसन अन्यत्र झाले, त्यांच्या कागदोपत्री दोन गावे नांदतात. पोलीस पडताळणी मायदेशी व्हावयाची असल्यास शिपाई कोणत्या दारी जाईल, याचा विचार अर्ज भरतानाच करावा.

ज्यांचे कोणी परदेशी आहे, त्यांनी आजच पारपत्राची तारीख विचारून घ्यावी, ही विनंती.