ससे पाळताय? आधी हेतू ठरवा

चाकण-महाळुंगे पट्ट्यातल्या वस्त्यांत आरोग्यभेटीला जातो, तेव्हा काही घरांमागे सशांचे पिंजरे दिसतात. कशासाठी पाळले? मुलांची हौस, मटण की धंदा? बऱ्याचदा घरातच एकमत नसते.

मटणासाठी न्यूझीलंड व्हाईट किंवा सोव्हिएत चिंचिला जात चालते. सुरुवातीला दोन माद्या, एक नर पुरे. मादी साधारण 31 दिवसांत विते, एका वेळी सहा-सात पिल्ले देते. मटणात प्रथिने भरपूर, चरबी कमी. पण त्याच्या भरवशावर गरोदर बहिणींनो, लोहाच्या गोळ्या सोडू नका. आणि मुलांनी नाव ठेवलेला ससा कापायचा का, हे आधीच घरात बोलून घ्या.

पिंजरा जमिनीपासून उंच, सावलीत ठेवा. तापल्या पत्र्याखाली ससे दगावतात. झोपायच्या खोलीत ठेवू नका, लघवीचा उग्र वास कोंडतो. नाकावर, पायांवर खपल्या दिसल्या तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. खरूज माणसालाही लागते. रानातला ससा मात्र धरू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

"पिल्ले घ्या, माल आम्हीच परत घेऊ" म्हणणाऱ्यांपासून सावध! 2019 मध्ये इस्लामपूरचा कडकनाथ कोंबडीपालन घोटाळा उघड झाला. अशाच हमीवर शेतकऱ्यांचे पैसे बुडाले होते. म्हणून कर्ज काढून ससे आणू नका. वर्षभर तीन ससे सांभाळा, चारा-औषधाचा खर्च वहीत लिहा, मगच पुढचा पिंजरा घ्या.