जीएसटी आलं का?

सकाळी 9.35

जिन्यातच पहिला प्रश्न. "साहेब, जीएसटी आलं का?" विचारणारे काका सत्तरीतले, आरोग्य विभागातून मुकादम म्हणून निवृत्त झालेले. मी साधा वरिष्ठ लिपिक; पण महापालिकेत पेन्शनच्या टेबलावर जो बसतो तो साहेबच. काकांचं जीएसटी म्हणजे राज्य सरकारकडून दरमहा येणारी नुकसानभरपाई. ती आली की पगार होतात, पगार झाले की पेन्शन. हा क्रम आमच्या 'ड' वर्ग महापालिकेत शिपायापासून आयुक्तांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

"आज-उद्याकडे येईल, काका."

"दिवाळी गेली की हो."

10.00

नोव्हेंबर म्हणजे हयातीचे दाखले. टेबलासमोर रांग, रांगेत काठ्या आणि पिशव्या. आधारवर बोट ठेवून दाखला देण्याची 'जीवन प्रमाण'ची सोय 2014 पासून आहे. पण ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं खराटा धरला, गटारं उपसली, त्यांच्या बोटांवर रेघाच राहिलेल्या नाहीत. एक मावशी बोट यंत्रावर ठेवतात, लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवतात, लाल दिवा. दहाही बोटं झाली. शेवटी मी कागदी नमुना काढतो, शाईचं पॅड पुढे सरकवतो. कागदावरही नुसता निळा डाग उमटतो, पण तो चालतो. खाली मी लिहितो : समक्ष हजर.

"आता मी जिती ना?" मावशी विचारतात. मागची रांग हसते.

11.15

गर्दी ओसरली की नस्त्या, म्हणजे फायली. आज पाणीपुरवठ्यातल्या एका व्हॉल्वमनची आहे. साठाव्या वर्षी, चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर घरी गेला. सेवापुस्तकात पहिल्या पानावर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, बँकेत तिसरं. अशा नस्त्या परत पाठवायला फार सोप्या असतात आणि कित्येक टेबलांवरून तेवढ्यासाठीच परत जातात. मी प्रतिज्ञापत्र घेऊन मोकळा होतो.

हिशेब असा. शेवटचं मूळ वेतन 35,400, म्हणून पेन्शन 17,700. त्यातला 40 टक्के भाग त्याने विकला. नियमांत याला अंशराशीकरण म्हणतात, लोक सरळ 'पेन्शन विकली' म्हणतात. म्हणजे महिन्याला 7,080 पंधरा वर्षं कापले जाणार आणि त्याबदली सुमारे सात लाख एकरकमी हाती पडणार. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या साडेसोळा पट, 5,84,100. शिवाय रजेचं रोखीकरण. ते सोडूनही एक माणूस निवृत्त झाला की तेरा लाखांच्या आसपास एका झटक्यात द्यायचे. महिन्याला असे सात-आठ निघाले तर कोटीचा आकडा. त्या महिन्यात शहर काही जास्त कमावत नाही.

त्याने मुलीचं लग्न या पैशाच्या भरवशावर ठरवलंय. त्याने मला सांगितलेलं नाही. पत्रिकाच नस्तीला लावून दिलीय.

12.30

मुख्य लेखाधिकाऱ्यांच्या केबिनमधून बोलावणं. जीएसटीचा हप्ता जमा झालाय. साहेबांच्या समोर एक कोरा कागद, त्यावर डावीकडे आलेली रक्कम, उजवीकडे मागणारे. मी दोन पासबुकं घेऊन उभा.

सगळ्यात आधी वीजबिल. कारण वीज कंपनी थकबाकीपोटी पाणीपुरवठ्याचे पंप बंद करू शकते. मग घंटागाडीचा ठेकेदार. त्याने गाड्या उभ्या केल्या तर तिसऱ्या दिवशी नगरसेवकांचे फोन येतात. मग कर्मचाऱ्यांचे पगार, कारण युनियन कामबंद करेल. मग पेन्शन. शेवटी ग्रॅच्युइटी आणि पेन्शनविक्रीची रक्कम, उरलंच तर.

इतकी वर्षं या कागदाकडे बघून माझं एक मत बनलंय. पैसे कुणाला आधी मिळतात, हे त्याचा हक्क किती जुना यावर ठरत नाही; तो शहर किती लवकर बंद पाडू शकतो यावर ठरतं. निवृत्त माणूस काहीच बंद पाडू शकत नाही. त्याने जे चालू ठेवायचं ते चालू ठेवून झालेलं असतं. फार तर तो येऊन बाकावर बसतो. साहेब वाईट नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्या जागी मी असतो तर पंपच आधी वाचवले असते.

2.00

डबा. भेंडी. फोन चार, उत्तर सगळ्यांना एकच : पेन्शन सोमवारी.

2.45

पेन्शनर संघटनेचे सचिव येतात, 17 डिसेंबरच्या पेन्शनर दिनाचं निमंत्रण घेऊन. 1982 साली याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्याचा निकाल दिला : पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा हक्क आहे. सचिव हे इतक्या ठसक्यात सांगतात की शिपाईही थांबून ऐकतो. हक्काबद्दल त्यांचं खरंच आहे. तिजोरीत पैसे कुठून आणायचे, तेवढं निकालपत्रात नाही.

ते कुठून यायचे, हे सचिवांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते जकात विभागातून निवृत्त झालेत. "रात्री दोनला नाक्यावर ट्रक थांबायचा आणि सकाळी गल्ला पालिकेत यायचा. रोज! कुणाच्या तोंडाकडे बघायला लागायचं नाही." त्यांच्या आठवणीत नाक्यावरचा भ्रष्टाचार येत नाही, तो मला आठवतो. 2010 नंतर जकात जाऊन टप्प्याटप्प्याने एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर 1 ऑगस्ट 2015 पासून पन्नास कोटींखालच्या उलाढालीला तोही माफ झाला. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि जे काही उरलं होतं ते गेलं. भरपाई दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढते, त्याबद्दल कुरकुर करायला जागा नाही. पण हप्ता कधी यायचा ते मुंबईत ठरतं. आमच्या हातात राहिली घरपट्टी आणि पाणीपट्टी. घरपट्टीच्या थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, आणि निवडणूक आली की अभय योजनेत तीच शास्ती माफ होते. वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो.

आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर भरती नाही, असा राज्याचा दंडक. तो आम्ही केव्हाच ओलांडलाय. म्हणून रिकाम्या जागांवर कंत्राटी माणसं, ज्यांची बिलं आस्थापनेत धरली जात नाहीत. कागदावर खर्च आटोक्यात. त्या माणसांची नस्ती माझ्या टेबलावर कधीच येणार नाही, कारण त्यांना पेन्शनच नाही.

तशी माझीही येणार नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही; मी 2009 चा. 2023 च्या मार्चमध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यभर संप झाला, तेव्हा आम्हीही गेटवर बसलो होतो. त्या आठवड्यात माझ्या टेबलासमोरची रांग गेटपर्यंत आली आणि एका आजोबांनी संपाच्या मांडवातच माझ्याकडे हयातीचा दाखला मागितला.

4.40

ग्रॅच्युइटीची प्रतीक्षायादी. निवृत्तीच्या तारखेप्रमाणे, वशिला नाही, असं बाहेर फलकावर लिहिलंय आणि बऱ्यापैकी पाळलंही जातं. मात्र यादीत वर सरकायचे दोन रस्ते आहेत. एक दवाखान्याचा : ऑपरेशनचं अंदाजपत्रक जोडलं तर साहेब शेरा मारतात. दुसरा कोर्टाचा : ग्रॅच्युइटीला उशीर झाला की सरळव्याज लागतं, म्हणून आदेश घेऊन आलेल्याला आधी उरकावं लागतं. मुकाट वाट पाहणारा आपोआप खाली जातो. लग्नपत्रिकेसाठी रस्ता नाही.

आज वीज, ठेकेदार, पगार आणि पेन्शन भागवून दोन ग्रॅच्युइट्यांपुरते पैसे उरलेत. एक हृदयाच्या ऑपरेशनची, एक कोर्टाच्या आदेशाची.

6.20

व्हॉल्वमन दाराशी. सकाळपासून खाली बसला होता म्हणे, वर यायला गुडघे देत नाहीत. मी त्याला यादीतला नंबर दाखवतो. तो बोट ठेवून वरची नावं मोजतो, मग विचारतो, "साहेब, गुडघ्याच्या ऑपरेशनचा कागद चालतो का?"

चालतो, मी सांगतो. शासकीय रुग्णालयाचा आणा, खासगीवर शंका काढतात. आणि अर्जावर नाव सेवापुस्तकात आहे तसंच लिहा.