नोंदवहीतील ‘नाते’

महागाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. यवतमाळहून आर्णीमार्गे उमरखेड-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या गावावरून जातो, आणि माहूरच्या रेणुकेचे दर्शन घेऊन परतणारे यात्रेकरूही या बाजूने ये-जा करतात. अशा भागातील कोणत्याही साध्या लॉजमध्ये दोन पुरुषांनी एक खोली मागितली तर त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. बियाणे-खतांचे विक्रेते, विम्याचे प्रतिनिधी, बदलीवर आलेले शिक्षक, मुलाखतीला निघालेले उमेदवार असे सारे वर्षानुवर्षे खोली वाटून घेत आले आहेत. नोंदवहीतल्या ‘नाते’ या रकान्यात ‘मित्र’ एवढे लिहिले की काम भागते. याउलट तरुण-तरुणी आली की मॅनेजर आधी भांगाकडे पाहतो, मग आधार कार्डावरील आडनावांकडे. आणि दोन स्त्रिया आल्या तर ‘सोबत पुरुषमाणूस कोणी नाही का?’ हा प्रश्न ठरलेला.

वरवर पाहता समलिंगी पुरुषांच्या जोडप्याला आपल्या समाजाने फारच मोठी सवलत दिली आहे, असे कोणास वाटावे. परंतु या सवलतीचे भाडे ‘मित्र’ या शब्दात आधीच वसूल झालेले असते. महागावात बँकेत नोकरी करणारा एक आणि पुसदला शिक्षक असलेला दुसरा, अशा दोघांची कल्पना करावी. दिवाळीनंतर चार दिवसांची रजा काढून हे दोघे एसटीने नांदेडला जातात, तेथून तपोवन एक्स्प्रेसने मुंबई गाठतात. त्यांना मुंबईत काय पाहायचे असते? समुद्र तर आहेच. पण त्यांचे खरे मागणे अगदी लहान असते. एका पलंगाची शांत खोली हवी, सकाळी उशिरापर्यंत झोपता यावे, चहा घेऊन येणाऱ्या पोऱ्याने दार वाजवले तर दुसरी उशी घाईघाईने सतरंजीवर टाकावी लागू नये. गावात वर्षभर वठवलेली भूमिका चार दिवस उतरवून ठेवता आली तर ती सुट्टी. नाही तर तो केवळ प्रवास.

नेमके हेच मागणे शहरात अडते. दोन पुरुषांना खोली मिळते, एकच पलंग मागितला की काउंटरवरची नजर बदलते. ‘दोन कॉटची देतो, भाडे तेच’ असे सौजन्याने सांगितले जाते, आणि ते सौजन्य नाकारायचे म्हणजे कारण सांगायचे. तारांकित हॉटेलांत हा प्रश्न बव्हंशी उरलेला नाही. भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकाकर्त्यांपैकी केशव सुरी हे स्वतःच ‘ललित’ या हॉटेल समूहाचे संचालक होते. त्या समूहाचे एक हॉटेल मुंबईत विमानतळाजवळ अंधेरीत आहे. मात्र अशा हॉटेलातील एका रात्रीचे भाडे कारकुनाच्या घरखर्चाचे अंदाजपत्रक कोलमडवणारे असते. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने संमतीने राहणारे प्रौढ समलिंगी गुन्हेगार उरले नाहीत, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. कायद्याने सर्वांना सारखे दिलेले हे स्वातंत्र्य बाजारात मात्र दर्जाप्रमाणे विकले जात आहे. स्टेशनजवळच्या लॉजात ते शिल्लक नसते.

याचा सारा दोष लॉजमालकाच्या मनातील अढीवर टाकणे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, भेदभाव ही एक खर्चिक आवड आहे. जो ग्राहकाला नाकारतो तो स्वतःचेही नुकसान करून घेतो, आणि म्हणून खुल्या स्पर्धेत असा व्यापारी मागे पडावा. अनुमान सुबक आहे. परंतु ज्या वेळी भेदभाव मालकाला नव्हे तर त्याच्या इतर गिऱ्हाइकांना हवा असतो, त्या वेळी स्पर्धा त्याला शिक्षा करीत नाही, उलट बक्षीस देते. दारावर ‘फक्त फॅमिलीसाठी’ अशी पाटी लावणारा लॉजवाला हे गणित पुस्तक न वाचता जाणतो. शिवाय त्याच्या डोक्यावर अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे, पोलीस ठाण्याची तपासणी आहे, आणि वर्तमानपत्रात नाव येण्याची धास्ती आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-अक्सा भागातील हॉटेलांवर पोलिसांनी धाड घालून सुमारे ४० जोडप्यांना ताब्यात घेतले होते. बंद खोलीतील सज्ञान माणसांवर ‘सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन’ असा ठपका ठेवण्यात आला! पुढे टीका झाली, पोलीस आयुक्तांनी चौकशी करवली. पण त्या आठवड्यात मुंबईतील किती लॉजमालकांनी मनाशी काय ठरवले असेल, त्याची नोंद कोणत्याही चौकशीत होत नसते.

ती सारी जोडपी स्त्री-पुरुषांची होती. अविवाहितांनी हॉटेलात एकत्र राहणे हा गुन्हा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. तरीही जानेवारी २०२५ मध्ये ‘ओयो’ या कंपनीने मेरठमधील आपल्या हॉटेलांना जोडप्यांकडे नात्याचा पुरावा मागण्याची आणि अविवाहितांना नाकारण्याची मुभा दिली. जेथे पुरुष आणि स्त्री यांनाही दाखला मागितला जातो, तेथे ज्यांना दाखला मिळण्याची सोयच नाही त्यांनी काय दाखवावे? समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला आहे.

उतारूला जागा नाकारण्याची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना शहरात कोठे उतरता येईना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून त्यांनी आसरा घेतला, आणि खरी ओळख फुटताच काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. जातीच्या बहिष्काराची आणि या प्रश्नाची दुःखे एका तागडीत टाकता येणार नाहीत. पण खोटे नाव सांगेपर्यंतच खोली आपली, ही अट दोन्हीकडे ओळखीची आहे. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, जात, लिंग इत्यादी कारणांवरून दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही असे मुद्दाम लिहिले गेले, त्यामागे असे कटू अनुभव होते. हॉटेल खाजगी असले तरी हे बंधन त्याला लागू आहे. लैंगिक कलावरून केलेला भेदभाव हाही लिंगावरून केलेलाच भेदभाव होय, असे विवेचन २०१८ च्या निकालपत्रात आले आहे. तृतीयपंथीयांच्या बाबतीत २०१९ च्या कायद्याने सेवा व निवास नाकारण्यास स्पष्ट शब्दांत मनाई केली. समलिंगी जोडप्यांसाठी तसा स्वतंत्र कायदा झालेला नाही.

इंग्लंडात तो झाला. कॉर्नवॉलमधील एका छोट्या निवासगृहाच्या मालक दांपत्याने धर्मश्रद्धेच्या कारणावरून दोन पुरुषांना दुहेरी पलंगाची खोली २००८ मध्ये नाकारली. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ मध्ये नुकसानभरपाईचा निर्णय कायम झाला. रक्कम दोघांना मिळून ३,६०० पौंड होती. मालकांची श्रद्धा प्रामाणिक होती, हे कोणी नाकारले नाही. मात्र पैसे घेऊन खोली देण्याचा धंदा मांडल्यावर ती गिऱ्हाइकावर लादता येणार नाही, असे ठरले.

खुद्द यवतमाळ जिल्ह्याचा अनुभव यात थोडा अनपेक्षित आहे. ३० डिसेंबर २०१७ रोजी यवतमाळ शहरातील एका हॉटेलात दोन पुरुषांनी आप्तेष्टांच्या साक्षीने विवाहविधी केला. ३७७ वे कलम त्या वेळी पूर्ण जोरात होते. बातमी फुटल्यावर गहजब झाला, चौकशीची भाषा झाली. पण हॉटेलने जागा दिली होती, आचाऱ्यांनी स्वयंपाक केला होता, पाहुणे जेवून गेले होते. लहान शहर म्हणजे कर्मठपणा आणि महानगर म्हणजे औदार्य ही वाटणी त्या दिवशी तरी खरी ठरली नाही. अर्थात जेथे कुटुंब पाठीशी उभे असते तेथे व्यवस्थापकाचेही धैर्य वाढते. चार दिवसांच्या रजेवर निघालेल्या दोघांच्या मागे असे वऱ्हाड नसते.

मग ते काय करतात? अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून सुरक्षित मुक्कामांची मार्गदर्शिका छापली. समलिंगी प्रवाशांसाठी बॉब डॅमरन याने १९६० च्या दशकात तशीच काढली. मराठीत अशी मार्गदर्शिका म्हणजे तोंडी निरोप. ओळखीतून नावे कळतात, मुंबईच्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांच्या परिचितांकडे चौकशी होते. जाणते लोक आधी फोन करून ‘आम्ही दोघे पुरुष आहोत, एकच मोठा पलंग हवा’ असे सरळ सांगतात आणि उत्तर देण्यापूर्वी पलीकडचा माणूस किती वेळ थांबतो यावरून हॉटेल निवडतात. शक्य तर होकार लेखी मागवतात. काहींना घरगुती मुक्काम बरा वाटतो. घरमालकाशी आधी बोलता येते, आणि ‘एअरबीएनबी’सारख्या कंपनीने २०१६ पासून लैंगिक कलावरून पाहुणा नाकारू नये अशी अट यजमानांवर घातली आहे. पण तेथे सोसायटीचा रखवालदार आणि समोरचा फ्लॅट असतो.

सरकारदरबारी मात्र एक चमत्कारिक प्रगती झाली आहे. एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील समजावे, असे केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना कळवले. संयुक्त बँक खात्यास आडकाठी नाही, असेही त्याच वर्षी स्पष्ट करण्यात आले. म्हणजे ज्या दोघांना महागावातील रेशन दुकानदार एक कुटुंब मानू शकेल, त्यांना दादरच्या लॉजमध्ये अजूनही मित्रच व्हावे लागते. आगाऊ पैसे घेतलेली खोली ऐनवेळी नाकारली तर ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची वाट आहे. त्या अर्जावर तक्रारदाराचे संपूर्ण नाव आणि राहण्याचा पत्ता लिहावा लागतो, आणि तो पत्ता महागावचा असतो.