‘मी डोलकर’ : एका लोकप्रिय गीताची पूर्वपीठिका

कांहीं शब्द सर्वांच्या ओठीं असतात. पण त्यांचा अर्थ फारच थोड्यांना ठाऊक असतो. ‘डोलकर’ हा असाच एक शब्द होय. ‘मी डोलकर’ हें गीत ज्यानें ऐकलें नाहीं, असें मराठी घर क्वचितच सांपडेल. मात्र डोलकर म्हणजे कोण, असें विचारलें, तर ‘आनंदानें डोलणारा’ असेंच उत्तर शाळकरी मुलांकडून बहुधा येतें. अर्थ चुकीचा खरा. पण ती चूक त्या चालीनेंच करविली आहे.

डोल हें मासे धरण्याचें एक जाळें आहे. त्याचें तोंड रुंद असून शेपूट निमुळतें असतें. समुद्राच्या तळाशीं रोवलेल्या खुंटांच्या आधारानें त्याचें तोंड प्रवाहासमोर बांधून ठेवतात. मग जाळें जागेवरच राहतें आणि पाणी धांवतें. त्या ओढीबरोबर बोंबील, मांदेली, जवळा, करंदी हीं मासळी आपोआप आंत लोटली जाते, आणि ओढ थांबण्याच्या सुमारास कोळी जाळें उपसतात. हें जाळें लावणारा तो डोलकर. साहजिकच त्याचें घड्याळ भिंतीवर नसून आकाशांतल्या चंद्रावर असतें. भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. म्हणून आज दुपारीं होडी काढणाऱ्याला आठवड्यानंतर तिन्हीसांजेला निघावें लागतें. अमावास्या-पौर्णिमेचें उधाण ही त्याची सुगी. अष्टमीच्या सुमारास भांग आला कीं ओढ मंदावते आणि जाळ्यांत फारसें कांहीं लागत नाहीं.

आतां ह्या गीताच्या कर्त्यांकडे वळूं. सन १९७० च्या आगेमागें ध्वनिमुद्रिकेवरून घरोघरीं गेलेलें हें गीत शांता शेळके (१९२२–२००२) यांनीं लिहिलें. त्यांचा जन्म पुणें जिल्ह्यांतील इंदापूरचा, शिक्षण पुण्याचें आणि पेशा प्राध्यापिकेचा. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. गाणाऱ्या लता मंगेशकर (१९२९–२०२२), आणि त्यांच्या जोडीचा पुरुषस्वर बंगालच्या हेमंतकुमारांचा (१९२०–१९८९). म्हणजे ह्या चौघांपैकीं एकाचाही जन्म कोळीवाड्यांतला नव्हे! मग कोळ्यांनीं हें गीत आपलें कसें मानलें?

ह्याचें पहिलें कारण भाषा. शांताबाईंनीं पुस्तकी मराठी बाजूला ठेवून किनाऱ्याची बोली उचलली. ह्या बोलीची शब्दसंपत्ति पाहण्यासारखी आहे. ‘दर्या’ हा शब्द फारसी; ‘नाखवा’ हा ‘नाखुदा’ म्हणजे नावेचा धनी ह्यावरून, तर ‘सारंग’ हा ‘सरहंग’ ह्या फारसी शब्दावरून आलेला. आपल्या बंदरांचा इराण-अरबस्तानाशीं चाललेला शेंकडों वर्षांचा व्यवहार ह्या तीन शब्दांत गोठून राहिला आहे. दुसरें कारण चालीचें. हळदीला, शिमग्याला, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांत जीं गाणीं होतात, त्यांत एकानें म्हणावें आणि इतरांनीं झेलावें, अशी रीत आहे. तो झेलण्याचा आनंद आणि लाटेचा हेलकावा हृदयनाथांनीं नेमका धरला. तिसरें कारण हेमंतकुमारांचा धीरगंभीर गळा. बंगालही नद्यांचा व नावाड्यांचा देश आहे. तेथील भटियाली गीतें ज्यांनीं ऐकलीं आहेत, त्यांना ही निवड किती योग्य होती, हें निराळें सांगावयास नको. पुढें ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) ह्या चित्रपटांत सुधीर मोघे यांच्या ‘गोमू संगतीनं’ ह्या गीतासाठीं हृदयनाथांनीं पुन्हां हाच आवाज योजिला. जोडीला आशा भोसले होत्या.

ह्या गीतांचा वारसा दुहेरी आहे. कोळी बोलीला शहरांतील दिवाणखान्यांत मानाचें पान मिळालें, ही मोठी जमेची बाजू. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून लग्नाच्या वरातीपर्यंत कोळीनृत्य सर्वत्र पोंचलें. परंतु त्याबरोबरच, कोळी म्हणजे सदा नाचणारा, निश्चिंत माणूस, असें एक सोयीचें चित्रही आपल्या मनांत ठसलें. मध्यरात्रीं ओल्या दोरानें तळहात सोलून घेणारा डोलकर त्या चित्रांत दिसत नाहीं.

१९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या रायगड जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ काव्याचा राहत नाहीं. पेणच्या बाजूची अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते. रोह्याची कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्रांत शिरते. ह्या दोन्ही पाण्यांच्या कांठीं कारखाने आले. त्यांनीं पुष्कळांच्या चुली पेटविल्या, हें नाकारतां येणार नाहीं. पण सांडपाण्याचा आणि घटत्या मासळीचा प्रश्नही त्यांच्याच मागोमाग आला. जाळें मोडल्यावर त्याचें नांव गाण्यांत उरलें, तर तें त्या गाण्याचें यश म्हणावें कीं आपलें अपयश?

गीत गोड आहे; तें अवश्य ऐकावें, मुलांना शिकवावें. मात्र एखाद्या उधाणाच्या दिवशीं त्यांना खाडीकांठीं न्यावें आणि पाणी कोणत्या दिशेनें ओढतें आहे, तें दाखवावें. ज्याला ती ओढ समजली, त्याला डोलकरही समजला.