फेंगडे पाय आणि मुलाचं वय

मेहकर असो की मोताळा, अंगणवाडीच्या ओट्यावर नुकतं चालू लागलेलं मूल टाचा जुळवून उभं करा. दोन्ही गुडघ्यांमध्ये फट दिसेल. 'पाय फेंगडे झाले' म्हणून घरात घोर लागतो. खरं तर आईच्या पोटात दुमडून राहिलेले पाय दोन वर्षांपर्यंत असे बाकदार असतातच. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उलट गुडघे एकमेकांना घासू लागतात आणि साधारण सातव्या वर्षापर्यंत पाय आपोआप नीट होतात.

दोन वर्षांनंतरही बाक वाढत असेल किंवा एकाच पायाला असेल, तर मात्र थांबू नये. नडगीच्या वरच्या टोकाला वाढीची कूर्चा असते. तिची आतली बाजू दबून मंदावली आणि बाहेरची वाढतच राहिली, की गुडघ्याखाली पाय वाकतो. अमेरिकेतल्या वॉल्टर ब्लाउंट यांनी १९३७ मध्ये या विकाराचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. वजनदार आणि लवकर चालू लागलेल्या मुलांत तो अधिक आढळतो.

आपल्याकडे त्याआधी मुडदुसाची शंका घ्यावी. यात कूर्चेचं पक्कं हाड होत नाही; मनगटं रुंदावतात, बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी लागतात. इतक्या उन्हाच्या मुलखात मुडदूस कसा? हचिसन आणि पटेल यांचा नाशिक शहरातल्या मुडदुसावरचा अभ्यास १९२१ मध्ये ग्लासगोच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. खाऊन-पिऊन सुखी, पण पडद्याआड राहणाऱ्या घरांत हा आजार होता. उन्हात वावरणाऱ्या गरिबांची मुलं त्यातून बरीचशी सुटत. मला हा अभ्यास आजही मोलाचा वाटतो. पण नुसतं ऊनही पुरत नाही. ज्वारीत कॅल्शियम थोडं, त्यातलंही काही धान्यातलंच फायटेट हे द्रव्य अडवून धरतं. भाकरीसोबत दूध, दही, तीळ किंवा शेवग्याचा पाला नसेल, तर उन्हात खेळणाऱ्या मुलाचंही हाड कच्चं राहू शकतं.

दोन्ही विकारांत फरक करायला एक्स-रे आणि रक्ततपासणी लागते. मुडदुसात 'ड' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम वेळेवर मिळालं, तर लहान मुलाचा पाय बहुधा वाढता वाढता सरळ होतो. ब्लाउंटच्या विकारात अगदी लहानपणी पट्टा चालू शकतो, पुढे शस्त्रक्रिया करावी लागते. उशीर झाला तर हाड कापून बसवावं लागतं.

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत मुडदूस आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. चड्डी वर सरकवून गुडघे डॉक्टरांना दाखवा.